९४ वर अडकलेला आकडा

आई ऑनलाइन गाणं शिकवते. समोरच्या मुलीचा स्वर तुटक आला की ती थांबते आणि म्हणते, "परत घे बघू एकदा." हे "परत घे" एका तासात इतक्यांदा व्हायला लागलं, की दादाशी बोलून मी आमची ब्रॉडबँडची योजना १०० एमबीपीएसवरून (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट) ३०० वर नेली. अपलोड ५० चं मिळणार होतं. दुपारी कंपनीचा निरोप आला: वेग वाढवला आहे, राउटर एकदा बंद करून चालू करा. केला. स्पीड टेस्ट लावली. ९४.

पुन्हा लावली, ९३. रात्री सगळे झोपल्यावर, घरातलं एकही यंत्र काही ओढत नसताना, परत ९४.

मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडून तुमच्या लाइनला तीनशे दिसतंय." मला ती टोलवाटोलवी वाटली आणि मी जरा चढ्या आवाजात बोलले. तसं बोलायला नको होतं, कारण त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

खरं तर त्या आकड्यातच उत्तर होतं. लाइन बिघडलेली असेल किंवा वाय-फाय कमजोर असेल तर वेग हलतो. कधी ६०, कधी १८०, कधी मध्येच खाली. पण तो दिवसभर एकाच जागी ठाम बसला असेल, तर वाटेत कुठेतरी पक्की मर्यादा आहे असं समजावं. १९९५ साली आलेलं फास्ट इथरनेट, म्हणजे यंत्रं तारेनं जोडायची एक पद्धत, सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेतं. माहिती छोट्या पाकिटांत जाते; प्रत्येक पाकिटाच्या पुढेमागे लागणारे पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा त्यातून वजा केली की आपल्या हाती ९४-९५ येतात. आधीच्या १०० च्या योजनेत ही मर्यादा झाकलेली होती, कारण नळी आणि पाणी दोन्ही सारखंच होतं. पाणी वाढलं तेव्हा नळी अरुंद आहे हे दिसलं.

राउटर उलटा करून मागचं लेबल वाचलं. पोर्टांच्या, म्हणजे तारा खोचायच्या खाचांच्या, शेजारी बारीक अक्षरांत १०/१०० छापलेलं होतं. याच राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं मला चांगलं आठवत होतं. तो आकडा वाय-फायचा: ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७ आणि २.४ चे ३००, दोन्हींची बेरीज करून गोल केलेला, आणि तोही कागदावरचा. इंटरनेट ज्या तारेतून आत येतं ते पोर्ट १०० चंच होतं. राउटर घेताना खोक्याच्या पुढच्या बाजूवरचा आकडा सोडून द्यावा आणि मागच्या बाजूला पोर्टांपुढे "गिगाबिट" (म्हणजे १००० मेगाबिट) किंवा "१०/१००/१०००" लिहिलंय का ते बघावं. इतकं एक पाहिलं असतं तर माझे पुढचे तीन दिवस वाचले असते.

नवा राउटर मी तीन गोष्टी पाहून निवडला. सगळी पोर्टं गिगाबिट, वाय-फाय ६, आणि रांगेचं नियंत्रण करणारी एसक्यूएम ही सोय. तिसऱ्या गोष्टीबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण आईच्या तासाचा खरा प्रश्न तिथेच सुटला.

काहीही उपसण्याआधी एक काम केलं आणि त्याचा फार उपयोग झाला. जुन्या राउटरच्या मागच्या तारांचा फोटो काढला, प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटवून ती कुठून कुठे जाते ते लिहिलं, आणि सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवले. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड नव्या राउटरवर जुनेच ठेवायचे असंही ठरवलं. ते अक्षरन् अक्षर सारखे असले की घरातले बहुतेक फोन, टीव्ही, प्रिंटर काही न विचारता नव्या राउटरला जोडले जातात.

आमची मांडणी अशी आहे. फायबर दाराजवळच्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपतं त्या कंपनीच्या, डब्यात येतं. तिथून भिंतीवरच्या पट्टीतून एक आठ मीटरची तार टीव्हीच्या कपाटात जाते आणि तिथे राउटर असतो. त्याच तारेला नवा राउटर जोडला. राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं तर कंपनीच्या डब्याचंच पान समोर आलं. डबा आणि नवा राउटर दोघांनीही आतल्या जाळ्यासाठी तोच पत्ता धरला होता, त्यामुळे गोंधळ. राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि वाट मोकळी झाली. लॅपटॉप तारेनं राउटरला लावला, स्पीड टेस्ट चालू केली, काटा वर चढताना बघत राहिले.

९४.

त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू दे गं, उद्या बघ." पण दुसऱ्या दिवशी तिचा तास होता, आणि मला राहवेना.

तेव्हा मी अंदाज लावणं सोडलं आणि एकेक कडी वेगळी करून मोजायला बसले. सकाळी लॅपटॉप उचलून दाराजवळ नेला आणि नव्या राउटरच्या खोक्यातली दीड मीटरची कोरी तार थेट ओएनटीला लावली. मध्ये राउटर नाही, जुनी तार नाही, वाय-फाय बंद. ३०८. पुन्हा ३०६. फोनवरच्या बाई बरोबर होत्या: तीनशे दारापर्यंत येत होते आणि दारापासून टीव्हीच्या कपाटापर्यंतच्या आठ मीटरमध्ये कुठेतरी अडत होते. नव्या राउटरच्या माहितीच्या पानावर आत येणाऱ्या पोर्टापुढे "१०० एमबीपीएस" लिहिलेलंही होतं. आदल्या रात्री मी ते पान पाहिलंच नव्हतं. वेग अडला की स्पीड टेस्टच्या आधी हे पान बघावं. दोन यंत्रांनी आपसात कोणता वेग ठरवला आहे, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

तारेच्या वेष्टणावर "कॅट ५ई" छापलेलं होतं, म्हणजे तार गिगाबिटच्या लायकीची. मग मी टोकं बघायला घेतली. तारेच्या टोकाचा आरजे४५ चा प्लग बहुधा पारदर्शक असतो. फोनचा दिवा मागून धरला तर आतल्या आठ तारा एकेक दिसतात. ओएनटीकडच्या टोकात सात तारांची तांब्याची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकली होती. आठवी, तपकिरी, जेमतेम दोन मिलिमीटर मागे राहिली होती. तिच्यावरची सोनेरी पात खाली दाबलेली होती, पण तिच्याखाली काहीच नव्हतं.

ही तार इतकी वर्षं कुरकुर न करता कशी चालली, याचं कारण मला फार आवडलं. फास्ट इथरनेटला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या, म्हणजे नारंगी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी नुसती बसून असते. १९९९ साली तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट ठरलं तेव्हा त्याला चारही जोड्या एकदम लागतील असं ठरलं. दोन्ही टोकांची यंत्रं आधी एकमेकांना "मला हजार जमतं" असं सांगतात, मग प्रत्यक्ष जोडायला जातात, चौथी जोडी सापडत नाही, आणि मुकाट्यानं १०० वर उतरतात. तांबडा दिवा लागत नाही, सूचना येत नाही. म्हणजे जुना राउटर आणि ही तार, दोन अडथळे एकामागे एक उभे होते, आणि दोघांचाही आकडा एकच असल्यानं पहिला काढल्यावर काहीच फरक दिसला नव्हता.

नवा प्लग बसवणं दादाकडून शिकले. त्याच्याकडे क्रिंपिंगचा चिमटा आणि तार तपासायचा छोटा टेस्टर आहे. जुना प्लग कापून टाकला, बाहेरचं वेष्टण अंगठ्याएवढं सोललं, पीळ सोडवून तारा बोटांनी सरळ केल्या आणि ओळीत लावल्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चौथ्या जागी हिरवा न येता निळा येतो, तिथे हात चुकतो. तारा ओळीत धरून टोकं एका रेषेत कापायची. प्लगच्या आत जाताना पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त सुटलेला राहू द्यायचा नाही, कारण जोड्यांचा पीळच एकीची कुजबुज दुसरीत जाण्यापासून थांबवतो. चिमटा दाबण्याआधी दादानं प्लग उजेडात धरायला लावला. "आठही टोकं भिंतीला लागलीत? मगच दाब." पहिल्या प्रयत्नात पांढरा-निळा मागे राहिला, तो प्लग वाया गेला. दुसऱ्या वेळी टेस्टरचे आठही दिवे क्रमानं लागले. राउटरच्या पानावर १००० आलं आणि कपाटाजवळच्या लॅपटॉपवर ३०५.

आता मधला डबा. ओएनटी स्वतःही राउटरचं काम करत होता आणि त्याच्यामागे आमचाही राउटर तेच करत होता. घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर दोनदा होत होतं, ज्याला डबल नॅट म्हणतात. नुसतं ब्राउझिंग त्यावाचून अडत नाही. पण दादाला बाहेरून घरच्या संगणकावर यायचं असतं, आणि माझी इच्छा होती की घरात निर्णय घेणारं यंत्र एकच असावं. म्हणून कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला. तसं केलं की डबा फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करतो, आणि लॉगिन राउटरनं करायचं असतं.

पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करायच्या पद्धतीचं, युझरनेम आणि पासवर्ड मिळाले. टाकले. जोडणी होईना. दोनदा फोन केला, दोनदा तीच अक्षरं तपासून झाली. तिसऱ्या वेळी मीच विचारलं, "याला व्हीलॅन आयडी लागतो का?" पलीकडून क्षणभर शांतता आणि मग एक आकडा मिळाला, कंपनीच्या जाळ्यातली आपली वेगळी मार्गिका ओळखणारा. जुन्या मांडणीत तो डब्याच्या आत भरलेला होता, ब्रिज झाल्यावर तो आपल्या राउटरमध्ये भरावा लागतो. ज्यांना ब्रिज करायचा आहे त्यांनी युझरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी या तिन्ही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. आकडा भरल्यावरही लगेच लागलं नाही, कारण कंपनीच्या सर्व्हरला वाटत होतं की आधीचं लॉगिन अजून चालूच आहे. सगळं बंद करून दहा मिनिटं थांबले, मग लागलं. एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट, राउटरनं आपोआप १४९२ धरला, तो तसाच ठेवायचा. इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी ८ पीपीपीओईच्या कामी जातात.

डबा हलवताना फायबरच्या बारीक पिवळ्या तारेला फार जपलं. ती तीव्र कोनात दुमडली की आतला प्रकाश वळणावर बाहेर गळतो. तिचं टोक उघडं करून डोळ्यांसमोर धरू नये. आत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं.

दादाचं काम मात्र ब्रिजनंतरही झालं नाही. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० नं सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा गठ्ठा २०१२ साली खास सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. तो दिसला की समजायचं, कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. बाहेरून आत यायला आयपीव्ही४ वर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर, वाट नाही. नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ मिळत होतं, ते चालू केलं आणि दादाची सोय त्यावरून झाली.

इथवर सगळं तारेनं मोजलेलं. हा क्रम मी कुणालाही आग्रहानं सांगेन: तारेवर पूर्ण वेग मिळेपर्यंत वाय-फायच्या सेटिंगला हात लावू नये. नाहीतर कशामुळे काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कळत नाही. मी वहीत प्रत्येक मोजणी लिहीत होते: वेळ, जागा, यंत्र, तार की वाय-फाय, आकडा. आणि एका वेळी एकच बदल.

आईच्या खोलीतली पहिली नोंद होती ४१. राउटर लाकडी कपाटात, दार बंद, पुढ्यात टीव्हीची धातूची पाठ. तिथून आईच्या खोलीपर्यंत दोन भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला लागून पूर्ण उंचीचा आरसा लावलेलं कपाट. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, लहरी तिथून परततात. राउटर आधी नुसता कपाटाबाहेर काढून ठेवला: ७८. मग लांब तार टाकून मधल्या बोळात छताजवळच्या फळीवर नेला, जिथून आईच्या दाराचा कोपरा सरळ दिसतो: १८६. काहीही विकत न घेता, एकही सेटिंग न बदलता चौपटीहून जास्त. पुढे मी वाय-फायमध्ये जे जे केलं त्या सगळ्यानं मिळून याच्या निम्मीही भर पडली नाही.

५ गिगाहर्ट्झवर राउटरनं आपणहून ३६ चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली ३६ क्रमांकाची वाट, निवडला होता. फोनवरच्या ॲपमध्ये पाहिलं तर आजूबाजूची सहा जाळी त्याच ३६ ते ४८ च्या पट्ट्यात. म्हणून १०० क्रमांकाच्या चॅनलवर गेले. तिथे अगदी शांतता होती, आणि ती का, ते दोन दिवसांनी कळलं. ही मधली चॅनल रडारसोबत वाटून घ्यायची असतात. राउटर आधी मिनिटभर कान देऊन ऐकतो आणि मगच बोलतो. पुढे कधीही रडारची चाहूल लागली की त्याला दहा सेकंदांच्या आत ते चॅनल सोडावं लागतं आणि अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. आईच्या तासात नेमकं तेच झालं: वाय-फाय गेलं, परत आलं, चॅनल बदललेला. शांत पट्टा चांगलाच, पण ज्या घरात मध्येच तुटून चालत नाही तिथे तो नको असं माझं मत झालं. आमच्या राउटरमध्ये १४९ पासूनचा वरचा गट उपलब्ध होता, तिथे रडारची अट नव्हती आणि शेजारी दोनच होते. तो पक्का केला. कोणती चॅनल मिळतात ते देशाप्रमाणे बदलतं, म्हणून राउटरमध्ये आपला देश बरोबर निवडलेला असायला हवा. रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवली. आईच्या खोलीत २३५.

२.४ वर वेगाचा हट्ट धरला नाही. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्याकडे ११ त्यातल्या त्यात मोकळं होतं. रुंदी २० केली, कारण ४० ठेवली तर आपणही अडतो आणि शेजाऱ्यांनाही अडवतो.

आता तो एसक्यूएमचा भाग.

आईच्या खोलीत २३५ येत असूनही संध्याकाळच्या तासात स्वर तुटतच होते. रोज नाही, पण तुटले की सलग पाच-दहा मिनिटं. वहीतल्या वेळा दादाच्या कामाशी ताडून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं. तो व्हिडिओच्या मोठ्या फाइल वर चढवतो, आणि तुटण्याची वेळ हीच. खात्री करायला एका बाजूला पिंग, म्हणजे एक पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, लावून ठेवला. लाइन मोकळी असताना ९ मिलिसेकंद. दादानं फाइल चढवायला सुरुवात केली आणि तो ४१० वर गेला. वेग कमी पडत नव्हता. आईच्या आवाजाला ५० एमबीपीएसमधला किरकोळ वाटा लागतो. तिची पाकिटं दादाच्या फाइलच्या रांगेत मागे उभी राहत होती.

याला बफरब्लोट म्हणतात. पाकीट टाकून देण्यापेक्षा साठवून ठेवलेलं बरं, या समजुतीतून यंत्रांमध्ये मोठमोठे बफर भरले गेले, आणि ते बफर गच्च भरले की प्रत्येक पाकीट रांगेच्या शेवटी जाऊन थांबतं. फाइलला याचं काही वाटत नाही, ती चार सेकंद उशिरा पोहोचली तरी चालतं. गाणं शिकवताना अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे तास मोडलाच. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती रांग किती लांब आहे हे न मोजता, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते मोजते, आणि फार वेळ होऊ लागला की पाठवणाऱ्याला दमानं घ्यायला लावते. राउटरमधल्या एसक्यूएमच्या पोटात याच पद्धतीची पुढची रूपं आहेत. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, त्यामुळे आईचं छोटं पाकीट दादाच्या ढिगाखाली दबत नाही.

ते चालण्यासाठी एक अट असते: रांग आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, कंपनीच्या डब्यात नाही. म्हणून राउटरला लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा सांगायची. मी अपलोड ४५ आणि डाउनलोड २७० ठेवलं. दादा म्हणाला, "तीनशे मिळवायला एवढा खटाटोप केलास आणि आता हातानं कमी करतेस?" मी त्याला फाइल चढवायला लावली आणि पिंग दाखवला: १७. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

याची किंमत राउटरच्या प्रोसेसरला मोजावी लागते. एरवी पाकिटं पुढे सरकवण्याचं काम वेगळं हार्डवेअर करतं, एसक्यूएम चालू केलं की तो जवळचा रस्ता बंद होतो आणि प्रत्येक पाकीट प्रोसेसरच्या हातून जातं. पूर्ण वेगानं काही उतरवताना आमचा प्रोसेसर ८५ टक्क्यांवर जातो. याहून मोठी योजना घेतली तर हा राउटर पुरणार नाही, हे मला माहीत आहे. तरी आज स्पीड टेस्टला २६० दाखवणारी ही लाइन मला आधीच्या ३०५ पेक्षा वेगवान वाटते, आणि आईलाही. तिला आकड्यांमधलं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, "आज तिचा श्वास कुठे तुटतो ते ऐकू आलं मला."

राहिलेली कामं एका दुपारी उरकली. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलला, फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलं, बाहेरून नियंत्रणाची सोय बंद केली. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन किंवा बटणानं जोडायची सोय, तीही बंद केली, तिच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे आणि अकरा हजार प्रयत्नांत ती पिन फुटते. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं केलं आणि टीव्हीही त्यावरच टाकला. वाय-फायला डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती एकत्र ठेवल्यावर जुना प्रिंटर रुसला, नाव दिसतंय पण जोडला जात नाही. त्याच्यासाठी २.४ चा पट्टा केवळ डब्ल्यूपीए२ वर आणला, तेव्हा तो आला.

आता फळीवर राउटरच्या खाली एक कागद चिकटवला आहे. त्यावर व्हीलॅन आयडी, युझरनेम, राउटरचा पत्ता, चॅनल, एसक्यूएमचे दोन आकडे आणि तारेवरची शेवटची मोजणी, तारखेसह. पासवर्ड तिथे नाहीत, ते वहीत आहेत. पंधरा मीटरची कॅट ६ ची तार आणि चार प्लगही आणून ठेवलेत. आईच्या तासांना सुट्टी लागली की बोळातून तिच्या टेबलापर्यंत ती ओढायची आहे.